जोडाखालचा पेपर

तात्यांच्या पलंगाशेजारी, भिंतीवरचा गिझरचा तांब्याचा पाइप गळत होता. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेल्या बापाजवळ डाख द्यायला ज्योत पेटवता येईना. म्हणून मुलाने पाइपची टोकं घासली, चिकटवायचं सोल्युशन लावलं आणि जोड फिरवून बसवला.

“चाळीस वर्षं मी तांब्याला डाख दिला,” तात्या म्हणाले. “आता माझ्याच डोळ्यांदेखत गोंद लावतोयस.”

संध्याकाळी मुलाने पाणी सोडलं आणि तात्यांच्याच पद्धतीने जोडाखाली त्या दिवसाचा पेपर पसरला. त्यावर एक थेंब दिसला, तरी तात्या सगळा जोड उखडायला लावत.

तासभर तात्यांची नजर पेपरवरून हलली नाही. मग हात लांबवून त्यांनी तो उचलला, उलटसुलट केला, बोटांनी चाचपला. कोरडा होता.

“चष्मा दे,” ते म्हणाले, आणि पहिल्या पानापासून बातम्या वाचायला लागले.