गच्चीवरचे दोन नमुने

मुलीचं लग्न झालं त्या १९९४च्या उन्हाळ्यात झुलालभाऊंनी अमळनेरच्या कापडदुकानाचं गळकं छत झाकायचं ठरवलं. विक्रेत्यानं गच्चीवर दोन नमुने पसरले: डांबरी पट्टी आणि पीव्हीसीची पांढरी चादर. भाऊ डांबराकडे झुकले होते. त्यांच्या आईला, पुष्पाबाईंना, वेगळीच धास्ती. “मना बिबडा कोठे वाळतीन?” ज्वारीचे हे पापड त्या दरसाल याच गच्चीवर वाळवत. भाऊ हसले, “माय, कपडा वाचाडू का तुना बिबडा?” दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाबाईंनी दोन्ही नमुन्यांवर एकेक बिबडा थापला. दुपारी डांबर वितळलं आणि त्यावरचा बिबडा तिथेच रुतला. चादरीवरचा मात्र अलगद सुटून हातात आला. “आजी, ही चाचणी आमच्या कंपनीत होत नाही,” नमुने न्यायला आलेला विक्रेता म्हणाला. “मंग आते सुरू करा! खाई पाहा.” भाऊंनी चादरच घेतली. पुष्पाबाई २००४च्या चैत्रात वारल्या. त्या सकाळी त्यांनी गच्चीवर थापलेले बिबडे अजून ओलेच होते.