काहीच त्रास नाही

बीरगांवच्या पंचशीलाबाईंना अंडाशयाचा कॅन्सर होता. सगळे इलाज थकले, तेव्हा रायपूरच्या एका दवाखान्यात नव्या गोळीच्या चाचणीत त्यांचं नाव लागलं. "फार त्रास झाला तर गोळी बंद करावी लागेल," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि तेवढंच त्यांच्या मनात घर करून बसलं.

त्रास पहिल्याच आठवड्यात सुरू झाला. पोटात आग पडायची, खाल्लेलं टिकायचं नाही. लेक पायल कळवळायची, "माय, सांगून दे ना डॉक्टरले! काहून लपवून राहिली?"

"सांगतलं त गोळी बंद होईन. मले जगायचं हाय, पोट्टे."

वजन भरावं म्हणून त्या लोटाभर पाणी पिऊन तपासणीला जायच्या. चेहऱ्यावर पावडर लावायच्या आणि हसून म्हणायच्या, "मले काहीच त्रास नाही, म्याडम." डॉक्टरीणबाई तसंच लिहून घ्यायच्या.

तिसऱ्या महिन्यात कागद पाहून डॉक्टरीणबाई अगदी खूश झाल्या.

"मावशी, ही गोळी इतकी छान कुणालाच सोसली नाही! आता उद्यापासून तुम्हाला डोस दुप्पट."