कुणावर गेलाय

डॉक्टरीणबाईंनी पोराच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपलाच तळवा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. तळवा कोरडा होता. डोक्यावर पंखा फिरत असूनही वॉर्डातली बाकी माणसं घामाने निथळत होती. तीन वर्षांचं ते पोर तेवढं तापलेल्या तव्यासारखं पडलं होतं.

“याला घाम येतो का?” त्यांनी विचारलं.

आईने पोराचा सदरा चाचपून पाहिला. तिचा नवरा वेल्डर होता. त्याचे शर्ट रोज पिळून निघावेत इतके ओले असायचे. पोराच्या कपड्यांना मात्र कधी वास नसे, कधी डाग नसे. आजवर तिला त्याचं कौतुकच वाटत आलं होतं. घाम येतो की नाही, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

उन्हाळा लागल्यापासून इथे येण्याची ही तिसरी खेप. दुपार झाली की ताप चढायचा, रात्री आपसूक उतरायचा. रक्त तपासून झालं, औषधं बदलून झाली. मागच्या खेपेला सुई टोचताना पोर इतकं रडलं की ताप भडकला आणि त्याला आकडी आली. आज सकाळी मोठे डॉक्टर सांगून गेले होते, रक्तात जंतू सापडत नाहीत, आता मणक्यात सुई घालून पाणी काढावं लागेल. पुन्हा आकडी आली तर काय, हे कुणी बोलत नव्हतं.

डॉक्टरीणबाई इथे नव्या होत्या. त्यांनी पोराचे विरळ केस पाहिले, मग बोटाने ओठ उचलून पाहिला. तोंडात दोनच दात, खिळ्यासारखे टोकदार. घरात आणखी कुणाचे असे दात आहेत का, असं त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, तसं काही नाही, याला जरा उशिरा येताहेत इतकंच. सासू म्हणाली, याचे आजोबा तर सत्तरीतही दातांनी अक्रोड फोडायचे.

“आणि तुमच्या माहेरी?”

“नाही,” आई म्हणाली. तोंड फारसं न उघडता. ती नेहमी तशीच बोलायची.

डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. मग समजावून सांगू लागल्या. काही मुलांच्या अंगात घामाच्या ग्रंथी जवळजवळ नसतातच, केस विरळ असतात आणि दातही मोजकेच येतात. अंग आतल्या आत तापत जातं, आणि घरची माणसं ताप समजून वर पांघरूण घालतात. हे बहुतेक वेळा आईकडून येतं आणि मुलग्यांना जास्त भोवतं. पण नुसत्या अंदाजावर मोठे डॉक्टर सुई थांबवणार नाहीत. तेव्हा नीट आठवून सांगा, तुमच्याकडे एखादा मुलगा लहानपणी तापाने गेला होता का?

तिला एक भाऊ होता. तिच्या आधीचा. त्याने एकच उन्हाळा पाहिला. तिची आई कधीकधी त्याच्याबद्दल बोलायची आणि दर वेळी एकाच वाक्यापाशी थांबायची: दोन दोन पांघरुणं घातली, पण घाम म्हणून फुटला नाही.

त्याच आईने लग्नाआधी तिला लांबच्या गावी नेऊन कवळी बसवून आणली होती. वरचे जवळजवळ सगळे दात आणि खालचे काही तिला आलेच नव्हते. तिला बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही, नवऱ्याला तर नाहीच. सात वर्षं तिने ते पाळलं. घर जागं व्हायच्या आत, नळ सोडून, त्याच्या आवाजात ती कवळी धुवायची. हिरड्या सुजल्या तरी रात्री काढायची नाही. सासू मनाने वाईट नव्हती. पण फसवून गळ्यात मारली, असं तिने म्हटलं असतं तर ते खोटंही नसतं.

सिस्टर ट्रे घेऊन आली. पोराला कुशीवर वळवा आणि घट्ट धरा, म्हणाली.

आई उठून उभी राहिली. तोंडात अंगठा घालून तिने कवळी सैल केली, बाहेर काढली आणि सगळ्यांसमोर तळहातावर धरली. तिचे गाल आत गेले. ऐन तिशीतली बाई डोळ्यांदेखत म्हातारी दिसू लागली.

“माझ्यावर गेलाय तो,” ती म्हणाली. शब्द बोबडे आले. “आणि भाऊ होता मला. तो असाच गेला.”

डॉक्टरीणबाई मोठ्या डॉक्टरांना फोन करायला धावल्या. थोड्या वेळाने ट्रे परत गेला. पलंग खिडकीपाशी सरकवला, पोराचे कपडे काढले, अंगावर ओली चादर घातली. पुढच्या तपासण्या करायच्याच होत्या. पण जपलं तर हा चांगला मोठा होईल, असं बाईंनी सांगितलं. याच्या अंगाला घाम येत नाही, तर तुम्ही तो पाण्याने आणायचा. घरात, उन्हात, शाळेत, सगळीकडे.

सासू कवळीकडे बघत राहिली. मग फडकी भिजवून आणायला नळाकडे गेली. नवरा ओल्या फडक्याने पोराचे पाय पुसत होता.  का लपवलंस, हे तो विचारणार, म्हणून ती अंग चोरून उभी होती.

“जेवताना दुखतं का गं?” त्याने विचारलं.

“दुखतं,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

संध्याकाळपर्यंत पोराचं अंग निवलं. त्याने डोळे उघडले आणि तो आईकडे टक लावून पाहू लागला. तिने सवयीने तोंडावर हात धरला. त्याने तो ओढून खाली केला आणि तिच्या रिकाम्या हिरडीवर बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. मग आपल्याही हिरडीवर फिरवलं. घरात सगळे त्याला सांगत आले होते, तुझे दात अजून यायचेत.

“तुझे पण यायचेत?” त्याने विचारलं.

“नाही रे,” ती म्हणाली. “आपले एवढेच.”