गायरानावरची हरकत

“आवं, आजच्या दिस जाऊ नगासा,” साखरबाई तिसऱ्यांदा म्हणाली आणि खोकायला लागली.

आबाजी कोळप्यानं नुसतं हुं केलं आणि अर्जाची घडी कोपरीच्या आतल्या खिशात सारली. हरकत घ्यायचा आज शेवटचा दिवस होता. गावच्या गायरानात तीस घरकुलं बांधायची, कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी, असा कागद शहाण्णव साली चावडीवर लागला, तेव्हा आबाजी मेंढरं घेऊन कोकणातून परतीच्या वाटेवर होता. चार दिवसांपूर्वी गावात पाय ठेवला आणि ही बातमी कानावर आदळली.

दिवाळी झाली की मेंढरं कोकणात उतरायची आणि मृगाच्या तोंडाला माघारी यायची. मग पावसाळ्याचे चार महिने त्यांना टेकायला गायरान, एवढी एकच जागा. ती गेली तर दीडशे मेंढरं काय डोक्यावर घेऊन बसायचं? त्यांना सुप्याचा बाजार दाखवायचा, दुसरं काय. आबाजीला मेंढरांवाचून काही येत नव्हतं, आणि साठीला पोचलेल्या माणसाला नवं कोण शिकवणार?

“भावकीतल्या हिंदुरावाला धाडा की. त्येला बोलता येतंय.”

“दुसऱ्याच्या हातनं काम व्हतंय व्हय? आपुन मेल्याबिगर सरग दिसत न्हाय.”

साखरबाईनं चटकन पदर कपाळावर ओढला. नवं कुंकू बाधलं, पुरळ उठलं म्हणून तो आल्यापासून तिचं कपाळ उघडंच होतं. औंदा छातीच्या दुखण्यानं तिला कळपाबरोबर जाता आलं नव्हतं. सात महिने एकटी त्या खोपटात पडून होती. मागच्या पावसाळ्यात तेच खोपट दोनदा अंगावर बसलं होतं, आणि भिजल्या वाकळेत ती रात्ररात्र कुडकुडली होती. ‘एकदा कोरड्यात झोपून बघायचंय,’ म्हणायची. पुढच्या साली खोपटावर दोन पत्रे टाकू, असं आबाजी दर साली सांगायचा.

“मेंढरं ऱ्हायली तर पत्रं व्हत्याल,” आजही तो तेच म्हणाला आणि वाटेला लागला.

चौघा मेंढपाळांनी मिळून जायचं ठरलं होतं. बाकीचे तिघं सुप्याच्या स्टँडपर्यंत आले आणि एकेक काम आठवून माघारी फिरले. आबाजी एकटाच एस्टीत चढला.

बारामतीच्या कचेरीत पोचेस्तोवर दुपार झाली. व्हरांड्यात गावचा ग्रामसेवक उभा होता. आबाजीला बघून तो हातातला चहा टाकून आडवा आला.

“तुम्ही कशाला आलात? माघारी जा. मी बघतो सगळं.”

“इतकं दिस काय बघितलंसा?”

“आबा, ऐका माझं. साहेबांपुढं तोंड उघडू नका. तुमचंच नुकसान होईल.”

ह्याला सरपंचानं खिशात घातलाय, आबाजीनं ताडलं. त्याला बाजूला सारून तो आत शिरला.

साहेब भला माणूस निघाला. आबाजीला खुर्चीवर बसवून त्यानं अर्ज शेवटपर्यंत वाचला.

“गायरानात पूर्वीपासून मेंढरं बसतात?”

“माज्या आज्यापासनं, साहेब. वड्याच्या पल्याड खडकाळ हाय, तितं गवताची काडी उगवत न्हाय. घरं तितं बांधा की. घराशी आमचं वाकडं न्हाय, पर मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढू नगा. पाया पडतो.”

“पाया कशाला पडता? मुद्दा बरोबर आहे तुमचा.” साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “हरकत नोंदवली की काम थांबेल. ही यादी रद्द होईल. नवी जागा, नवी मोजणी, नवी यादी. दोन-तीन वर्षं तरी जातील. सरकारी काम आहे.”

आबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“पण अर्ज ‘समस्त मेंढपाळ’ यांच्या नावानं आहे. तसं चालत नाही. एका माणसाचं नाव आणि अंगठा हवा.”

शिपायानं शाईची डबी उघडून पुढ्यात ठेवली.

“माजाच घ्या,” म्हणत आबाजीनं अंगठा पुढं केला.

“थांबा, आधी यादी बघू द्या.” साहेबांनी कागद उलटले. “अहो, पहिल्या नंबरचं घर तर तुमच्यातल्याच एका बाईला मिळतंय. साखरबाई आबाजी कोळपे. निराधार विधवा.”

आबाजीचा अंगठा तसाच राहिला.

“यादी रद्द झाली तर बिचारीचं घर जाईल,” साहेब म्हणाले. “तसं ते अडकलेलंच आहे म्हणा. नवरा कोकणाच्या वाटेवर वारला म्हणते, पण साक्षीदार नाही. आज साक्ष मिळाली नाही, तर तिचं नाव कमी करावं लागेल.”

दारात ग्रामसेवक मान खाली घालून उभा होता. आबाजीच्या डोळ्यांपुढं साखरबाईचं उघडं कपाळ आलं. त्या कपाळावर पुरळ काही दिसलं नव्हतं. टेबलावर हात आपटून ओरडावं, असं त्याला वाटलं. पण कानात तिचा खोकला होता, सकाळचा.

“तुम्हीही त्याच वाटेनं जाता ना?” साहेबांनी विचारलं. “ओळखत होता का या आबाजीला?”

आबाजीनं आपला अर्ज टेबलावरून उचलला, त्याची नीट घडी केली आणि कोपरीच्या आतल्या खिशात ठेवून दिली.

“वळखत व्हतो, साहेब,” तो म्हणाला आणि त्यानं अंगठा शाईत बुडवला. “म्याच खांदा दिला त्येला.”