खालच्या खोलीतली ओल

खालची खोली अण्णांना गेली, तर तोटा एकट्या सुनेचा होता. तिचं शिलाई मशीन, कापडांचे गठ्ठे, मापं द्यायला येणाऱ्या बायका, सगळा संसार त्याच खोलीत. नाही गेली, तर फायदाही तिचाच. अण्णा वर राहायचे आणि जिना त्यांना झेपत नव्हता, म्हणजे मग वृद्धाश्रमच. ताट घेऊन वरखाली करणंही सुटलं.

"मशीन कुठे ठेवू? डोक्यावर?" तिने नवऱ्याला विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"वा! मग भाजी शिवते आणि झबली फोडणीला टाकते."

वर अण्णा खोकले. त्या घरात खालचं वर सगळं ऐकू जायचं, आणि खाली रोज हेच चालायचं.

मुलगा हटत नव्हता. अण्णा याच घरात राहतील, असा शब्द त्याने आईला दिला होता. पण खालच्या खोलीत नुसता सिमेंटचा कोबा. गारठ्याने गुडघे धरायचे, आणि सतरंजीत पाय अडकून अण्णा एकदा पडलेही होते. म्हणून कोब्यावर लाकडी फरशी बसवायची ठरलं. फळ्या येऊन भिंतीला उभ्या राहिल्या.

मिस्त्रीने आधी कोब्यावर हातभर प्लास्टिक अंथरलं आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. "खाली ओल असली तर उद्या प्लास्टिकच्या आत थेंब दिसतील. थेंब दिसले की लाकूड विसरा. फुगून उठेल, आणि आजोबा परत आपटतील. खिडकी लावून घ्या, खोलीत फार येजा नको."

"आणि माझी कुंडी?" अण्णांनी जिन्यावरूनच विचारलं. ती खिडकीबाहेर कठड्यावर असे. रोज सकाळी अण्णा पाण्याचा तांब्या सांभाळत, एकेका पायरीवर बसत खाली उतरायचे. दिवसाची तेवढीच त्यांची खेप.

"पाणी घाला आणि खिडकी लगेच लावा," मिस्त्री म्हणाला.

सून मात्र कात्री राहिली, दोरा राहिला म्हणून दोनदा खोलीत जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकखाली थेंब. मिस्त्रीने जागा बदलली, पुन्हा थेंब. पंधरवड्यात तिसरी जागा झाली, तिथेही तेच.

"वाजवला तर कोबा खणखणीत," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला. "ओल येते कुठून, देव जाणे. फोडून नवा करायचा तर तीन-चार महिने धरा."

"तेवढ्यात जिना मला खाली आणेल, आणि तो काही हळू आणणार नाही," अण्णा हसले. "लाकडाला फुगायची भीती, मला मोडायची. सोड मला आश्रमात."

मुलगा रडला. सुनेने बॅग भरली. गुडघ्यांना बांधायला अस्तर लावून शिवलेले दोन पट्टे तिने बॅगेत सगळ्यात वर ठेवले. मुलाने ते पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं. एवढी माया नेमकी आजच?

आश्रमाच्या दारात अण्णांनी त्याचा हात धरला. "आता भांडू नका रे. मध्ये मी नाही."

घरी येऊन त्याने प्लास्टिक ओढून काढलं. एका कोपऱ्यातली चिकटपट्टी उचकटून परत दाबलेली होती. चिकट बाजूला धूळ बसली होती.

"किती पाणी ओतलंस?" त्याने बायकोला विचारलं.

"कुठे?"

"खोलीपायी माझ्या बापाला घराबाहेर काढलंस!"

"अहो, मी काय ते तोंडावर बोलते. चोरून पाणी ओतायला मला वेळ तरी आहे का?"

"दोनदा आत गेली होतीस तू."

"कात्रीला गेले होते." मग ती गठ्ठे बांधायला बसली. संध्याकाळी तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. मशीन चढलं, गठ्ठे चढले, शेवटी ती चढली. पोचल्याचा फोन करते, असंही म्हणाली नाही.

ज्या खोलीवरून एवढं झालं, ती आता कोणालाच नको होती. फळ्या अजून भिंतीला उभ्या होत्या. सगळ्या व्यवहारात नुकसान झालं नव्हतं ते फक्त त्या फळ्यांचं. कोंदटलं म्हणून त्याने खिडकी उघडली.

कठड्यावरचं झाड उभ्या उभ्या वाळलं होतं. कुंडीतल्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. अण्णांची तांब्याची खेप एकही सकाळ चुकली नव्हती, आणि पंधरवडाभर तिला थेंबभर पाणी मिळालं नव्हतं.