केवड्यावरचा बगळा

“हे शब्द तुझे नाहीत. कोळ्याच्या पोरीच्या तोंडी असले शब्द येतात कुठून?”

एकतीस वर्षांपूर्वीचा तो आवाज आज सकाळपासून कलसोमच्या कानात घुमत होता. तिचे तेव्हाचे गुरुजी, चिकगू एम्बोंग, याच वर्गात, याच फळ्यापाशी उभे राहून बोलले होते. चाळीस पोरं खदखदून हसली होती. खाडीकडच्या वस्तीतली तेरा वर्षांची कलसोम पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली होती. पंतूनच्या, म्हणजे चार ओळींच्या कवितेच्या, स्पर्धेला मग तिच्याऐवजी चिकगूंची मुलगी गेली आणि बक्षीस घेऊन आली.

आता हा वर्ग कलसोमचा होता. पोरं तिलाच चिकगू म्हणत.

भिंतीवर मोठा पडदा होता. त्यातला एआय मदतनीस गणितं समजावून द्यायचा, निबंध तपासायचा, कधी वैतागायचा नाही. स्पर्धेला जाणारा चार ओळींचा प्रत्येक पंतून यंदापासून आधी त्याला दाखवायचा होता. शब्द पोराचे किती आणि यंत्राचे किती, ते तो सांगायचा. वर्गातल्या हुस्नाच्या ओळींना त्याला क्षणही लागला नाही. शंभरातले एक्क्याण्णव भाग यंत्राचे, तो म्हणाला.

केवड्यावरती बगळा डोले,
भरतीचं पाणी काठोकाठी;
आई कुणाशी काही न बोले,
ताट मांडते बाबांसाठी.

“हुस्ना रात्री डोकं चार्जिंगला लावते,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. हुस्नानं मान खाली घातली.

निकालाखाली एक चौकट रिकामी होती. शिक्षकाचं मत. शेवटी तेच धरलं जायचं. आणि कलसोमला खरं ठाऊक होतं. मंगळवारी वीज गेली, पडदा काळा पडला, तेव्हा पोरीनं या ओळी तिच्या डोळ्यांदेखत लिहिल्या होत्या. हुस्नाचा बाप मासेमारीला गेलेला, दोन वर्षं झाली, परतला नव्हता. शेवटची ओळ तिनं दोनदा खोडून पुन्हा लिहिली होती.

एका शब्दाचं काम होतं. नावं दुपारी बाराच्या आत पाठवायची होती. कलसोमनं तो शब्द लिहिला नाही. तिनं हुस्नाच्या आजोबांना बोलावणं धाडलं.

चिकगू एम्बोंग साडेअकराला आले. शाळेत जायचं म्हणून इस्त्रीचा सदरा, डोक्यावर काळी टोपी, हातात काठी. पोरांनी उठून सलाम केला. कलसोमनं खुर्ची पुढे केली नाही. त्या अपमानाचा घास तिनं एकतीस वर्षं गालात धरून ठेवला होता. चिकगूंना शब्दांतलं काही कळत नाही, बहिऱ्यानं गाण्याला नावं ठेवावीत तसं ते झालं, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. त्याच समजुतीवर ती शिकली, शिक्षिका झाली, बाजारात भेटले की त्यांना सलाम करत राहिली.

तिनं त्यांना आकडा सांगितला. मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली,

“हे शब्द तिचे नाहीत, चिकगू. एवढ्याशा पोरीच्या तोंडी असले शब्द येतात कुठून?”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. वाक्य कुणाचं, ते त्यांना बरोबर कळलं होतं. त्यांनी कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ वाचला.

“यंत्र फार शहाणं म्हणतात,” ते हळू म्हणाले. “मग ही चूक ते कशाला करेल? केवड्याला काटे असतात. त्यावर बगळा बसतो कधी? आमच्या धक्क्यापाशी जुन्या खांबावर केवडा कलंडलाय. बगळा बसतो खांबावर. आमच्या खिडकीतून बघणाऱ्यालाच तो केवड्यावर दिसतो. पोरीचेच शब्द आहेत, बाई.”

या वेळी कुणी हसलं नाही. हुस्ना आजोबांकडे बघत होती. बाराला दहा मिनिटं होती. कलसोमनं चौकटीवर बोट ठेवलं, पण लिहिलं काहीच नाही. एक बाण अजून भात्यात होता.

“पडद्याला ओळखू आले नाहीत आणि तुम्हाला आले?” ती सावकाश म्हणाली. “कुणाचे शब्द कुणाचे, हे तुम्हाला कधी ओळखता आलंय का, चिकगू?”

चिकगूंनी एकदा नातीकडे पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि आधाराशिवाय उभे राहिले.

“आलंय,” ते म्हणाले. “तुझेही ओळखले होते, कलसोम. त्याच दिवशी.”