अळंबीचे चूर्ण

सुज्ञ वाचकहो, स्मरणशक्ती परत आल्याची ही सत्य हकीकत मी आपणांसमोर नम्रपणे निवेदन करीत आहे.

विषमज्वरानंतर माझी पत्नी प्रेमिला आमच्या दोन्ही मुलांची नावे विसरली. म्हणून मी सीताबर्डीवरील वैदूकडून अळंबीचे चूर्ण आणले. सातव्या दिवशी तिने दोघांनाही नावाने हाक मारली. मला गहिवरून आले.

जेवताना मात्र तिने चार ताटांशेजारी पाचवे वाढले.

"शेवंतीले काहून विसरता जी? पोरगी उपाशी राहीन ना!"

"आपल्याले पोरगी कुठं आहे वं?"

"आता तुम्हीच घ्या चमचाभर," ती हसून म्हणाली.

मी चूर्ण घेऊ लागलो. आठव्या दिवशी मला शेवंतीचा जन्म आठवला. सांप्रत घरात परम समाधान असून पाचवे ताटही रोज चाटूनपुसून रिकामे होते.

आम्हा पाचही जणांतर्फे वाचकांचे आभार.

आपला नम्र,
देवराव गजभिये, वाडी